वर्दीतूनही पदवी मिळते


कॉलेजचा खर्च झेपत नाही म्हणून आपल्या जालना जिल्ह्यातील एखादा हुशार मुलगा सैन्यात भरती होतो. त्यात कमीपणा नाही. पण त्याचे शिक्षण संपले, असे समजू नका.

१९६० साली पुण्यात सुरू झालेले आर्मी कॅडेट कॉलेज १९७७ पासून डेहराडूनला आहे. बारावी झालेला, किमान २ वर्षे नोकरी केलेला जवान लेखी परीक्षा व निवड मंडळाच्या चाचण्या देऊन तेथे जातो. ३ वर्षांत पदवी, पुढे १ वर्ष सैनिकी प्रशिक्षण, मग लेफ्टनंट! कॉलेजात असताना पगारही चालू राहतो.

म्हणून पालकहो, भरतीची घाई असली तरी आधी बारावी होऊ द्या. आणि मुलांनो, ट्रंकेत वर्दीशेजारी इंग्रजी-गणिताची पुस्तके जरूर ठेवा.