गज आणि नखी
(रेडिओवरील भाषण)



व्हायोलिन आणि गिटार ही दोन वाद्यं जळगाव-धुळ्याला नवीन नाहीत. नवीन आहे ती त्यांची जोडी. मागं तबला, पुढं हे दोघंच, गाणारं कुणी नाही, निवेदकही फारसा बोलत नाही, अशी बैठक आपल्या भागात क्वचितच होते. झाली की नाट्यगृहाच्या दारात प्रश्न ठरलेला असतो : "गाणार कोण आहे?" कुणीच गाणार नाही म्हटलं की दहातले चार पाय माघारी वळतात. आज मला त्या वळलेल्या पायांशी बोलायचं आहे.

खरं तर या वाद्यांची आपल्या कानांना ओळख करून दिली ती रेडिओनंच. बातम्यांना दोन-तीन मिनिटं उरली की वाद्यसंगीताची एक तबकडी लागायची. सिनेमातलं एखादं गाणं, पण शब्दांविना. त्यात गिटार असायची, आणि ती बहुतेक वेळा मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवलेली हवाइयन गिटार असायची. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं निवेदकाच्या तोंडून कानावर पडत. यातले लखनौचे व्हॅन शिपले तर इलेक्ट्रिक गिटार आणि व्हायोलिन दोन्ही वाजवत. पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली होती आणि या जोडीनं देशोदेशी कार्यक्रम केले. शेतावरून परतलेला माणूस बाजेवर पाठ टेकून बातम्यांची वाट बघत असे, आणि त्याच्या नकळत गिटार त्याच्या कानात मुक्काम करून जात असे.

व्हायोलिनची गोष्ट निराळी. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमला दार बंद केलं. या पेटीच्या सुरांना मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, बारीक श्रुती त्यात बसत नाहीत, अशी तक्रार होती. ते दार किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. त्या तीसेक वर्षांत रेडिओवरच्या गायकाला साथ कुणी केली? सारंगीनं आणि व्हायोलिननं. पेटीवरचा तो राग योग्य होता की नव्हता, यावर जाणकार अजूनही भांडतात. माझ्या मते तो अतिरेक होता. पण त्या अतिरेकानं व्हायोलिनचं भलं केलं, एवढं मान्य करावं लागेल. पुढं १९५५ मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, त्यात प्रभाकर जोगांचं व्हायोलिन होतं. 'गाणारं व्हायोलिन' हे त्यांच्या वादनाचं नाव मराठी घरांत रुजलं, कारण ते व्हायोलिन गाण्यातला शब्दन् शब्द उच्चारतं की काय, असं वाटायचं.

आता कुणी म्हणेल, ही दोन्ही वाद्यं परकी, आपला काय संबंध? तार आणि गज यांचा संबंध खान्देशाला कुणी शिकवायला नको. दारोदार फिरणाऱ्या नाथपंथी किंगरीवाल्यांच्या हातात काय असतं? बांबूचा दांडा, खाली करवंटी किंवा भोपळा, एखाद-दुसरी तार आणि घोड्याच्या केसांचा गज. व्हायोलिनच्या गजालाही घोड्याचेच केस असतात आणि त्याला राळ लावावी लागते. आणि परक्या वाद्याचं म्हणाल, तर नाट्यगायक बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावात होते, मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांनी इथंच गाण्याचे धडे घेतले. त्याच बालगंधर्वांच्या रंगभूमीवर पुढं ऑर्गन हे विलायती वाद्य इतकं घरचं झालं की त्याच्याविना नाट्यपद अपुरं वाटावं. आपल्या वरातींत तर क्लॅरिनेट आणि ट्रंपेटवर अहिराणी गाणी वाजतात, बेंजोवर अख्खं गाव नाचतं. त्या वेळी परकेपणाची आठवण कुणाला होत नाही.

तेव्हा मुद्दा परकेपणाचा नाही. मुद्दा असा की ही दोन वाद्यं शेजारी बसली की नेमकं ऐकायचं काय.

व्हायोलिनला चार तारा आणि पट्टीवर पडदा एकही नाही. बोट केसभर इकडंतिकडं झालं की सूर बेसूर. आपल्याकडचे वादक मांडी घालून बसतात, वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात आणि दुसरं टोक छातीशी धरतात. त्यामुळं डावा हात मोकळा होतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर लांबलचक घसरत जाता येतं. गज फिरत असेपर्यंत सूर जिवंत. वादकाच्या मनात असेल तितका वेळ तो एक सूर धरून ठेवील, वाढवील, बारीक करील.

गिटारचं नेमकं उलट. नखीनं तार छेडली की सूर जन्मतो आणि त्याच क्षणी विझायला लागतो. पडदे असतात म्हणून सूर चुकायची भीती कमी, पण मींडही कमी. हवाइयन पद्धतीत कांडी सरकवून मींड मिळते, पण विझणं टळत नाही. म्हणून गिटारवाल्याला सारखं काहीतरी पेरत राहावं लागतं. आपल्या शास्त्रीय वादकांनी यावर तोड काढली. सतारीसारख्या चिकारीच्या तारा गिटारला बसवल्या, खाली तरफेच्या तारा ताणल्या. विश्वमोहन भट्टांच्या 'मोहनवीणा' या अशाच गिटारला सगळ्या मिळून वीसच्या आसपास तारा आहेत.

एकाचा सूर तगणारा, दुसऱ्याचा विझणारा. जोडीची सगळी गंमत या भेदात आहे. व्हायोलिन लांब सूर धरतं तेव्हा गिटारनं त्याखाली ठोके पेरायचे. गिटार एखादी तान टाकून थांबली की तिचा शेवटचा सूर विझायच्या आत व्हायोलिननं तो उचलायचा. ही उचल ऐका. चांगल्या जोडीत सूर एका वाद्यातून दुसऱ्यात कधी गेला, ते कळत नाही. कच्च्या जोडीत दोघं आपापलं वाजवतात आणि समेवर तेवढे भेटतात.

हे नातं जुनं आहे. इटलीचा निकोलो पागानिनी, १७८२ ते १८४० हा त्याचा काळ, व्हायोलिनमधला सर्वांत मोठा चमत्कार मानला गेला. लोक म्हणत, यानं सैतानाशी करार केला आहे. हा माणूस उत्तम गिटारही वाजवायचा, आणि व्हायोलिन-गिटारच्या जोडीसाठी त्यानं डझनावारी रचना केल्या. त्यातल्या बऱ्याच रचनांत गिटारचं काम साधं आहे, खाली बसून आधार द्यायचं. स्वतः पागानिनीसारखा वादक वर असल्यावर दुसरं काय होणार! पण एक रचना त्यानं अशीही केली, की जिच्यात दोन्ही वाद्यांना बरोबरीचं बोलणं आहे.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी पॅरिसमध्ये एक जोडी जमली, तिची हकिकत मला फार आवडते. जँगो राइनहार्ट हा रोमा जमातीतला, भटक्या लोकांच्या गाड्यांतून वाढलेला गिटारवादक. १९२८ मध्ये त्याच्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं स्वतःची नवी वादनपद्धती उभी केली. त्याला जोडीदार मिळाला व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली, स्वभावानं अगदी वेगळा, नीटनेटका. १९३४ मध्ये दोघांनी पाच जणांचा ताफा काढला. त्यात सगळी तारवाद्यं. ड्रम नाही, ट्रंपेट नाही. तालसुद्धा गिटारींनीच धरायचा. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं ढोल-ताशाशिवाय रंग भरत नाही, असा एक समज घट्ट आहे. याच ग्रापेलीनं उतारवयात आपल्या एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबर व्हायोलिन वाजवलं.

सुब्रमण्यम यांचे धाकटे भाऊ एल. शंकर. १९७०च्या दशकात इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम असा 'शक्ती' हा ताफा उभा राहिला. मॅकलॉफ्लिननं आपल्या गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून घेतलं. वीणेवर तार दाबून मींड काढतात तशी ती गिटारवर निघावी म्हणून. जोडीदाराच्या वाद्याशी बोलता यावं यासाठी स्वतःचं वाद्य तासून घेणारा माणूस, याला मी जोडीदार म्हणतो. पुढं नव्या संचात व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आले आणि २०२४ मध्ये 'शक्ती'ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रानं या जोडीतली व्हायोलिनची बाजू भक्कम सांभाळली आहे. गजाननबुवा जोशी, गोव्याचे श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग, दा. के. दातार ही माणसं कुठल्याही प्रांताला हेवा वाटावा अशी. वि. गो. जोगांनी तर बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबर जुगलबंदी गाजवली. दातारांचं वादन गायकी अंगाचं, शांत, घाई नसलेलं. गिटारची बाजू मात्र आपल्याकडं लंगडी राहिली. तिच्यातले मोठे मोहरे बाहेरचे. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत वाजले, तेव्हा कुठं अनेकांना उमगलं की गिटारवर राग शोभतो. आपल्याकडं गिटार म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगमधलं वाद्य, ही समजूत अजून गेलेली नाही.

आता आपल्या श्रोत्यांविषयी. जळगावात दर जानेवारीत चांदोरकर प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, थंडीत लोक मफलर गुंडाळून बसतात. धुळ्यालाही जाणते कान आहेत. पण आपला एक दोष बोललाच पाहिजे. आपण वेगाला दाद देतो. दोघं वादक सुटले, बोटं दिसेनाशी झाली, तबलजीनं मान हलवली, की टाळ्यांचा पाऊस. आणि त्याआधी अर्धा तास त्यांनी संथ आलापी केली, एकमेकांचा सूर तळहातावर झेलल्यासारखा झेलला, तेव्हा निम्मी मंडळी मोबाईल बघत होती. वेग हा रियाजाचा भाग आहे, तो भरपूर तासांच्या मेहनतीनं येतो. संथ लयीत जोडीदारासाठी जागा सोडणं त्याहून अवघड. तिथं हात लपवायला काहीच नसतं.

दुसरी गोष्ट तारा जुळवण्याची. वादक सुरुवातीला पाच-दहा मिनिटं खुंट्या पिळत बसला की मागून कुजबुज सुरू होते. अहो, आपल्या खान्देशाची हवा लक्षात घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तापली की तार सैल पडते, सूर उतरतो. रंगमंचावरचे दिवेही तेच करतात. व्हायोलिनचं लाकूड पातळ, सरसानं चिकटवलेलं. कोरड्या उन्हात ते उकलायची भीती असते. गिटारवर कांडीनं वाजवायचं तर तार अधिकच नेमकी हवी. तेव्हा तारा जुळवण्याचा वेळ हा मैफलीचाच वेळ समजावा.

आणि साऊंडवाला! लग्नाच्या वरातीत ज्या सिस्टिमवर बेंजो दुमदुमतो, तीच सिस्टिम नाट्यगृहात येते, आणि तिच्यावरचं एकोचं बटण कुणीतरी सवयीनं फिरवून ठेवतं. गिटारचा विझणारा सूर विझतच नाही, चार वेळा परत येतो. व्हायोलिनची बारीक मींड त्या गोंधळात बुडते. जोडीतला जो भेद मी एवढा वेळ सांगितला, तो या एका बटणानं पुसला जातो. आयोजकांनी कलावंताच्या मानधनाची घासाघीस करण्यापेक्षा एक चांगला ध्वनिव्यवस्थापक शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वादकांकडंही एक मागणं आहे. आमच्याकडं आलात तर यमन, चारुकेशी जरूर वाजवा, पण आमच्या मातीतलंही एखादं वाजवा. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला झोका बांधून गाणी म्हणतात. त्या चालींत वर जाऊन खाली येणारा लांब हेल असतो. तो व्हायोलिनच्या गजासाठीच बनला आहे, असं मला वाटतं. श्रावणात कानबाईच्या रात्री जी गाणी होतात, त्यांचा ठेका गिटारनं धरावा. असोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्यांना संगीतकारांनी चाली दिल्याच आहेत. पण त्या चालींच्याही आधीची, जात्यावरची लय अजून आजीबाईंच्या तोंडी आहे. ती वादकांनी गावात बसून ऐकावी. लोकांना आपली चाल दुसऱ्या वाद्यावर ओळखू आली की कान उघडतात, आणि उघडलेले कान मग रागही ऐकतात.

गावोगावच्या गणेश मंडळांना, वाचनालयांना, महाविद्यालयांना माझी विनंती आहे. वर्षातून एक संध्याकाळ अशा जोडीला द्या. मोठं नाव नसलं तरी चालेल. आपल्याच शहरांत व्हायोलिन आणि गिटार शिकणारी मुलं आहेत, त्यांना एकत्र बसवा, वर्षभर आधी सांगा म्हणजे ती एकमेकांचं ऐकायला शिकतील. दोनशे माणसं मावतील एवढाच हॉल घ्या, मुलांना पुढं सतरंजीवर बसवा, एको बंद ठेवा. आणि श्रोतेहो, दारात गाणार कोण आहे, असं विचारून परत फिरू नका. आत या आणि पहिला अर्धा तास मोबाईल खिशात ठेवून बसा.