न दुखणारी चूक



एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे ठोके अनियमित पडतात. वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली की पक्षाघात! हा धोका सुमारे पाचपट असतो. वॉरफॅरिनने तो दोनतृतीयांश घटतो. मात्र रक्त वरचेवर तपासून आय.एन.आर. बहुधा २ ते ३ राखावा लागतो. अपिक्साबॅनला ही तपासणी लागत नाही. परंतु तिचा अंमल जेमतेम दिवसभर टिकतो, म्हणून ती रोज दोनदा घ्यायची. गोळी घेतल्याने बरे वाटत नाही, चुकल्याने दुखत नाही. म्हणूनच ती सुटते. डॉक्टरांना न विचारता ती अर्धी करू नये, दुप्पटही घेऊ नये. विद्यार्थ्यांनो, घरी सकाळ-संध्याकाळ एवढेच विचारा, "अब्बा, गोळी घेतली का?"