अंगठा, सही आणि ओळख
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



संस्थेने आम्हाला आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही बँकेत कारकून. शिक्षण कला शाखेचे. संगणकाचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. परंतु लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात आमची वीस वर्षे गेली. म्हणून आज सहीविषयीच बोलावे असे ठरविले. मात्र ही कागदावरची सही नव्हे. संगणकावर केली जाणारी इलेक्ट्रॉनिक सही आणि ती देण्यापूर्वी माणसाची जी ओळख पटवून घेतली जाते, हा आजचा विषय आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठविला. कागदात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. पुढची पिढी शाळेत गेली आणि सही करू लागली. आज आपली मुले संगणकावर सही करतात. पण मित्रहो, न वाचता उठविलेला अंगठा आणि न समजता दिलेली इलेक्ट्रॉनिक सही, यांत फरक तो काय?

आम्ही नोकरीस लागलो तेव्हा नवीन खाते उघडावयाचे तर जुना खातेदार ओळख देण्यासाठी आणावा लागे. "या गृहस्थांना मी ओळखतो" अशी त्याची सही अर्जावर होई. मग नव्या खातेदाराच्या सहीचा नमुना घेतला जाई. पुढे चेक आला की सही त्या नमुन्याशी ताडून पाहावयाची. म्हणजे येथे कामे दोन. सही नमुन्याशी जुळते का, हे एक. आणि तो नमुना खरोखर त्याच माणसाचा आहे का, हे दुसरे. दुसऱ्या कामात चूक झाली, तर पहिले काम कितीही चोख केले तरी व्यर्थ होय.

इलेक्ट्रॉनिक सहीचेही असेच आहे. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला व अशा सहीला कायद्याची मान्यता मिळाली. या सहीसाठी दोन किल्ल्या असतात. खासगी किल्ली फक्त आपल्याजवळ, पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये, पिनच्या कुलपात राहते. दुसरी सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्रात छापल्यासारखी सर्वांस दिसते. केंद्र सरकारच्या नियंत्रकाकडून परवाना मिळालेली प्रमाणन संस्था हे प्रमाणपत्र देते. "ही किल्ली अमुक माणसाची आहे", एवढेच ते सांगते. सही कोणत्या किल्लीने झाली हे यंत्र क्षणात ओळखते. परंतु त्या किल्लीमागचा माणूस कोण, हे यंत्रास कळत नाही. ते प्रमाणपत्र देण्याच्या वेळीच पाहावे लागते.

ही पाहणी चुकली तर काय होते? २९ व ३० जानेवारी २००१ रोजी अमेरिकेतील व्हेरिसाइन या नामांकित प्रमाणन कंपनीने, मायक्रोसॉफ्टचा नोकर असल्याची बतावणी करणाऱ्या एका इसमास मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रे देऊन टाकली. गणितात काही चूक नव्हती, किल्ल्या उत्तम होत्या; माणूस तेवढा खोटा होता. पुढे ती प्रमाणपत्रे रद्द करावी लागली आणि मार्च महिन्यात मायक्रोसॉफ्टला साऱ्या जगास सावध करावे लागले.

म्हणून आपल्याकडे अर्जदाराचा पॅन पाहतात, आधारवरून ओळख पटवितात, मोबाइल व ई-मेल त्याचाच आहे का हे सांकेतिक क्रमांक पाठवून तपासतात. कॅमेऱ्यासमोर त्याचे चित्रीकरण करतात. संस्थेच्या नावे प्रमाणपत्र हवे असेल तर संस्थेची कागदपत्रे व अधिकारपत्रही लागते. दुसऱ्या वर्गाची प्रमाणपत्रे देणे १ जानेवारी २०२१ पासून बंदच झाले. आपले लोक याला कटकट म्हणतात. "एजंटला पैसे दिले की घरबसल्या होते", असेही म्हणतात. येथेच धोका आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत गवंडीकाम करणारे एक काका आले. हातात कर खात्याची नोटीस. ते एका कंपनीचे संचालक असल्याचे तीत लिहिले होते! काकांनी त्या कंपनीचे नावही ऐकले नव्हते. चौकशी करता उलगडा झाला. कर्ज मिळवून देतो असे सांगून एका ओळखीच्या माणसाने त्यांच्याकडून पॅन व आधार घेतले होते. मोबाइलवर आलेले आकडे विचारून घेतले होते. "कॅमेऱ्याकडे पाहा, नाव सांगा, कार्ड दाखवा", एवढे करवून घेतले होते. काका म्हणाले, "साहेब, मला वाटले कर्जासाठी फोटो काढतात." टोकन त्यांनी डोळ्यांनीही पाहिले नव्हते. ते त्या माणसाच्या खणात होते आणि काकांच्या नावाने सह्या होत होत्या.

बंधूंनो, येथे तपासणी झाली नाही असे म्हणता येत नाही. चेहरा काकांचाच होता, कागदही त्यांचेच होते. ओळख पटली, पण कशासाठी पटविली जात आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. आम्ही त्यांना पोलिसांत तक्रार देण्यास व प्रमाणपत्र रद्द करण्याचा अर्ज करण्यास मदत केली. प्रमाणपत्र रद्द झाले. नोटिशीचे प्रकरण मात्र अजून मिटलेले नाही. दर तारखेला काकांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. कलम ४२ प्रमाणे खासगी किल्ली सांभाळण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे त्याने प्रमाणन संस्थेस कळवीपर्यंत तोच जबाबदार धरला जातो. खोटी माहिती देऊन प्रमाणपत्र मिळविणाऱ्यास कलम ७१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरणाऱ्यास कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण शिक्षा पुढची गोष्ट. घर आधीच बुडालेले असते.

आपले तरुण आज सरकारी कामांच्या ई-निविदा भरू लागले आहेत, ही आनंदाची बाब आहे. त्यासाठी ही सही लागतेच. तेव्हा आमची एवढीच विनंती आहे. अर्ज स्वतः भरा. मोबाइल क्रमांक व ई-मेल स्वतःचाच द्या. कॅमेऱ्यासमोर बसण्यापूर्वी "हे कशासाठी?" असे विचारा आणि उत्तर पटल्याशिवाय तोंड उघडू नका. टोकन आपल्याच कपाटात ठेवा, हिशेबनीसाकडे किंवा एजंटाकडे नव्हे. पिन कोणास सांगू नका. टोकन हरवले तर त्याच दिवशी कळवा. आणि आपल्या संस्थेलाही सांगतो, सचिव बदलले की जुन्या सचिवांचे प्रमाणपत्र त्याच सभेत ठराव करून रद्द करण्यास पाठवा. यात कोणावर अविश्वास नाही. उलट जुन्या सचिवांची त्यात सुटका आहे.

एक सूचना आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या नोकरदारांसाठी. वस्तीत ज्यांना हे कागद वाचता येत नाहीत, त्यांच्याजवळ दर रविवारी तासभर बसू या. पूर्वी खाते उघडताना जुना खातेदार नव्याची ओळख देत असे. आता तशी सक्ती उरली नाही. पण शेजाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्यास कोणाची मनाई आहे?

आपल्या वाडवडिलांना कागद वाचता येत नव्हता, हा त्यांचा दोष नव्हता. आपल्याला वाचता येत असून आपण न वाचता चेहरा दिला, तर तो दोष मात्र आपलाच ठरेल.