ताप उतरल्यानंतर



माझी सगळी नोकरी सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या काचपट्ट्या बघण्यात गेली. विषाणूने मेंदूचं काय केलं, ते काचपट्टी सांगते. पण माणूस गेल्यावर. म्हणून आज बांद्यात मी त्याआधीचं बोलणार आहे.

माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. तो शोधणाऱ्या पुण्याच्या संस्थेच्या संचालक पुढे एक बाई झाल्या, डॉ. खोर्शेद पावरी. २०१६ मध्ये हा ताप दोडामार्गात आला, २०१७ मध्ये बांद्यात. तो पसरतो गोचिडीमुळे. आणि काजू वेचायला, पातेरा गोळा करायला रानात जातो आपण.

ताप उतरला की आपण लगेच कामाला लागतो. पण काहींना एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप भरतो. डोकं ठणकतं, हात थरथरतात, भ्रम होतो. आजार मेंदूपर्यंत पोचल्याची ती खूण असते. त्यावर खास असं औषध नाही. वेळेवर दवाखाना, देखरेख आणि विश्रांती एवढंच हाती आहे.

तेव्हा पहिल्या दिवसांतच रक्त तपासून घ्या. पुढचे पंधरा दिवस पाणी, चूल, गुरं घरातल्या इतरांनी बघायची. हे आज घरी गेल्यावर नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगा.