परतलेला ट्रकचालक आणि कायद्याचा उंबरठा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मालवणच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या मालाची शर्यत वितळणाऱ्या बर्फाशी असते. बर्फात भरलेली मासळी फोंडाघाटाने कोल्हापूरला, आंबोलीने बेळगावला किंवा खाली गोव्याला उजाडण्यापूर्वी पोचवायची. आंब्याच्या हंगामात देवगडच्या हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात वेळेवर उतरवायच्या. ही शर्यत ज्याच्या झोपेच्या मोलावर जिंकली जाते, तो ट्रकचालक. त्यांतही काही वर्षे हा धंदा सोडून पुन्हा त्याकडे वळलेल्या चालकाचा प्रश्न चळवळीने स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे.

हा चालक धंदा सोडतो का, आणि परततो का? 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. न्याहारी-निवास, नौकाविहार, पर्यटकांची ने-आण यांत अनेकांना रात्रीच्या जागरणावाचून चार पैसे दिसले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि पर्यटकांचा ओघ एका रात्रीत आटला. पर्यटनाची मिळकत बंद पडली तरी मासळी आणि भाजीपाला यांची वाहतूक थांबून चालणार नव्हती. ज्याच्या हाती जुने कसब होते, त्याला तेच पुन्हा आठवले. अशा परतण्याला व्यक्तीची निवड म्हणणे ही आत्मवंचना होय. दुसरे दार बंद झाल्यावर उरलेल्या दारातून आत येणे, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दारावर त्याचे स्वागत कसे होते? मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधील दुरुस्तीनुसार परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले असेल, तर त्याला ओरोसला परिवहन कार्यालयात पुन्हा चाचणी द्यावी लागते. रस्त्यावरच्या इतरांच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. परंतु शासन त्याच्या कसबाची फेरतपासणी करते, तशी त्याच्या मागील सेवेची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. बहुतेकांना खेपेवर पैसे आणि वर भत्ता. भविष्य निर्वाह निधी नाही, उपदान नाही. पंधरा वर्षे ट्रक चालवून गेलेला माणूस परततो तेव्हा मालकाच्या हिशेबी तो पहिल्या दिवसाचाच असतो.

कायदा नव्हता असे नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास आणि साप्ताहिक सुटी ठरवून दिली. मात्र तो पाच वा अधिक कामगारांच्या आस्थापनेलाच लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने हा उंबरठा दहावर नेला. एक-दोन ट्रक बाळगणाऱ्या मालकाकडचा चालक तेव्हाही बाहेर होता. आता त्याच्याबरोबर आणखी काही बाहेर गेले. शिक्षेला मात्र असा उंबरठा नाही. अपघातानंतर खबर न देता निघून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद पुढे आली, तेव्हा जानेवारी 2024 मध्ये देशभरच्या चालकांनी चाके थांबवली. 1 जुलै 2024 रोजी न्याय संहिता अमलात आली, ती हे पोटकलम बाजूला ठेवून. असंघटित म्हणवणाऱ्यांनी मिळवलेला हा विजय लहान नव्हे.

मग उपाय कोणता? तो महाराष्ट्रानेच 1969 साली शोधला आहे. माथाडी कायद्याने मालक अनेक आणि कामगार विखुरलेला ही अडचण मंडळामार्फत सोडवली. नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मालकांच्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी व वैद्यकीय सोयी. वाशीला आंब्याची पेटी उतरवणाऱ्या माथाड्याला हे संरक्षण मिळते. तीच पेटी रात्रभर घाट उतरवून आणणाऱ्याला मिळत नाही. या विसंगतीचे समर्थन कोणत्या अर्थशास्त्राने करावे?

चालकांचे जिल्हावार मंडळ, प्रत्येक भाड्यावर लेव्ही, आणि धंदा सोडून परतलेल्याचीही मागील सेवा धरणारे नोंदणीपुस्तक, ही मागणी आपण घेतली पाहिजे. भाडे थोडे वाढेल, हे लपवू नये. आज ती किंमत चालक आपल्या झोपेने आणि प्रसंगी प्राणाने भरतो. उद्या ती माल घेणाऱ्या सर्वांत वाटली जाईल.

कोकण रेल्वेने 1999 साली कोलाड ते वेर्णा मालासकट ट्रक वाघिणीवर चढवून नेण्यास आरंभ केला. त्या प्रवासात चालक आपल्याच ट्रकमध्ये बसून विसावा घेऊ शकतो. ज्या रेल्वेचा आग्रह नाथ पै आणि मधु दंडवते यांनी धरला, तिने निदान त्या टप्प्यापुरता त्याला विसावा दिला. उरलेल्या रस्त्यावर तो मिळवून देणे हे संघटनेचे काम आहे. त्याचा आरंभ मालवणच्या बंदरावर, पहाटे बर्फ भरला जात असताना, एका वहीत चालकांची नावे लिहून करता येईल.