घातक कचरा आणि गणिताचा विवेक

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे विषारी वायूने हजारो जीव घेतले. त्या कारखान्यातील ३३७ टन घातक कचरा मात्र चाळीस वर्षे तेथेच पडून राहिला. अखेर १ जानेवारी २०२५ च्या रात्री तो १२ बंद वाहनांतून सुमारे २५० किलोमीटरवरील पीथमपूरच्या भट्टीकडे निघाला. तेथील रहिवाशांनी निदर्शने केली. तरी जूनअखेर तो जाळून झाला.

असा कचरा कोठे व कोणत्या वाटेने न्यावा, हा गणिताचाही प्रश्न आहे. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली शोधलेल्या रीतीने, भट्टीची क्षमता, अंतर आणि खर्च यांचा मेळ घालून सर्वांत काटकसरीची योजना काढता येते. पण जवळची वाट पुष्कळदा दाट वस्तीतून जाते. म्हणून धोकाही मोजावा लागतो. धोक्याची नुसती बेरीज कमी केली, तर सारा भार एकाच गावाच्या माथी येऊ शकतो. तेव्हा कोणत्याही गावाला ठरावीक मर्यादेपलीकडे धोका पोहोचू नये, अशी अट गणितातच घालावी लागते.

ती मर्यादा कोणती, हे मात्र गणित सांगत नाही. ते त्या गावाला विचारूनच ठरवावयाचे असते.