मनाचे आजार आणि आमचा रविवारचा गट
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला बोलण्यासाठी पंधरा मिनिटे दिलेली आहेत. बोलणारा एकटा असला तरी आम्ही 'आम्ही' असेच म्हणणार आहोत, त्यात मोठेपणा मिरविण्याचा हेतू नाही. गटाचा पहिला नियमच असा आहे की, कोण आजारी आणि कोण आजाऱ्याचा नातेवाईक हे बाहेर सांगायचे नाही. तेव्हा येथे सांगितलेली हकीकत कोणाच्या घरातली, याचा शोध कृपया कोणी घेऊ नये.

विहाराच्या मागच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सायंकाळी पाच वाजता आम्ही जमतो. सहा वर्षांपूर्वी पाच जणांनी सुरुवात केली. आता कधी नऊ असतात, कधी सतरा. त्यात रिक्षा चालविणारे आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत, दोन विद्यार्थी आहेत. पलीकडच्या गल्लीतल्या एक मुस्लिम मावशी मुलाला घेऊन येतात. बँकेत काम करणारा एक जण आहे. त्याने अकरा वर्षे आपल्या गोळ्या पित्ताच्या गोळ्यांच्या डबीत ठेवल्या. दुपारी जेवण झाल्यावर शेजारच्या टेबलावरचे सहकारी विचारीत, "अजून पित्त गेलं नाही का तुमचं?" तो हसून पाणी पीत असे.

असे का करावे लागते, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या माणसावर जन्मतःच एक शिक्का बसलेला असतो. तो पुसता पुसता पिढ्या गेल्या. आता दुसरा शिक्का कोण आपण होऊन लावून घेईल? म्हणून आपल्या वस्तीत क्षयरोग सांगतात, मधुमेह तर कौतुकाने सांगतात, पण मनाचा आजार सांगत नाहीत. आणखी एक गोष्ट सांगतो, ती कडू आहे. १९५६ नंतर आमच्या आजोबांनी घरातले देव्हारे काढले, अंगात येणे बंद केले. परंतु त्यांच्याच नातवाला कानात आवाज ऐकू येऊ लागले तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी त्याला अमावास्येच्या रात्री गुपचूप एका भगताकडे नेले. एकदा नव्हे, चार वेळा. पाचव्या महिन्यात डॉक्टर दिसले. आम्ही त्या माणसांना नावे ठेवत नाही. घाबरलेला माणूस सापडेल ते दार ठोठावतो. पण ते चार महिने त्या मुलाला परत मिळाले नाहीत.

अशा गटाची कल्पना आमची नाही. अमेरिकेत १९३५ साली ॲक्रन या गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूच्या आहारी गेलेले, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ निघाली. दोनच वर्षांनी शिकागोमध्ये डॉ. अब्राहम लो यांनी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या माणसांचे असेच गट सुरू केले. आपल्याकडे पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. ते कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. २००४ साली आलेला 'देवराई' हा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो याच आजारावर आहे. आमच्यातल्या दोघांनी पुण्याला जाऊन तिथली माणसे कशी बसतात, काय बोलतात हे पाहिले, आणि परत येऊन खोलीची चावी मागितली. डॉक्टर नसलेल्या माणसांनी एकत्र बसून काय साधते, असा प्रश्न तेव्हा कार्यकारिणीत विचारला गेला होता. रास्त प्रश्न होता.

उत्तर असे की, आम्ही उपचार करीत नाही. आम्ही बसतो. प्रत्येकाने पाच मिनिटे बोलायचे, नको असेल तर नुसते बसायचे. 'तू असं कर' म्हणायचे नाही. 'माझं असं झालं होतं' म्हणायचे. मग लोक जे बोलतात ते डॉक्टरांच्या खोलीत बोलले जात नाही, कारण तिथे बाहेर चाळीस माणसे रांगेत असतात. गोळ्यांनी वजन वाढले, जुने कपडे होत नाहीत. लिथियम चालू आहे, रक्त तपासायचे आहे, पैसे नाहीत. मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत, त्यांना सांगायचे की नाही? (यावर आमच्यात दोन तट आहेत आणि राहतील.) सगळ्यांत जास्त वेळा एकच वाक्य येते. साठी उलटलेल्या आया ते बोलतात: "आमच्यामागं याचं कोण बघंल?" पहिल्यांदा हे वाक्य आले तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका काकूंनी सांगितले की, त्या मुलाला भात लावायला शिकवीत आहेत. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापासून सुरुवात केली. पुढच्या बैठकीत तिघींनी घरी तेच सुरू केले होते. भावाबहिणींना कागद कुठे ठेवलेत ते दाखविणे, अपंगत्वाचा दाखला काढणे, हे सगळे त्या भातामागून आले.

आमच्या हातून चूकही झाली आहे आणि ती सांगितल्याशिवाय आमचे बोलणे खरे होणार नाही. दुसऱ्या वर्षी एका सभासदाने आपल्या गोळ्या निम्म्यावर आल्याचे आनंदाने सांगितले. डॉक्टरांनीच कमी केल्या होत्या, पण ते सांगायचे राहून गेले. एका तरुण मुलाने ते ऐकले आणि घरी जाऊन आपल्या गोळ्या बंदच केल्या. सहाव्या आठवड्यात तो रात्री घरातून निघून गेला. तीन दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या रेल्वे स्टेशनवर अनवाणी सापडला. त्याचे वडील पुढच्या रविवारी आले. ओरडतील असे वाटले होते. ते बसून राहिले आणि चहा न घेता गेले. त्या दिवसापासून किती गोळ्या, किती मिलिग्रॅम, हे खोलीत बोलायचे नाही असे ठरले आणि सरकारी रुग्णालयातल्या एक समाजसेविका तीन महिन्यांतून एकदा येऊन बसू लागल्या. तो मुलगा आता बरा आहे, कामावर जातो. वडील पुन्हा आले नाहीत.

विद्यार्थ्यांना एक सांगायचे आहे. अभियांत्रिकीचा एक मुलगा आमच्याकडे आला. त्याला झोप नव्हती, भूक नव्हती. वसतिगृहात त्याला सतत 'कोट्यातला' म्हणून हिणवीत. हा आजार की अपमान? आम्ही निवाडा केला नाही. त्याला डॉक्टरांकडेही नेले आणि महाविद्यालयात लेखी तक्रारही द्यायला लावली. अपमानावर गोळी नसते हे खरे, पण दोन महिने झोप नसलेल्या मुलाला लढा म्हणून सांगणे हाही अन्यायच आहे. रात्रीबेरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणसाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच हा कायदा धरतो, आणि त्याची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी ठरवितो.

आता खोलीचा विषय. अभ्यासिकेतल्या मुलांच्या पालकांनी आमचा गट हलवावा म्हणून अर्ज दिला आहे. त्यावर तेवीस सह्या आहेत. अर्ज आम्ही वाचला. सही करणारी माणसे परकी नाहीत, आमच्या घरच्या लग्नांत पंगतीला वाढायला उभी राहिलेली आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण आवारात मोठमोठ्याने ओरडला, मुले घाबरली, हे घडले आहे. त्याबद्दल आम्ही त्याच वेळी घरोघर जाऊन क्षमा मागितली. सकाळी सात वाजता बसा, असे सुचविण्यात आले. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे, परंतु रात्रीच्या गोळ्या घेणाऱ्याला सकाळी सातला उठवणे म्हणजे काय असते, ते उठविणाऱ्या आईलाच विचारावे. दुसरी खोली मिळत असेल तर आम्ही जाऊ. मात्र ती वस्तीतच असावी. बसचे भाडे भरून कोणी येणार नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी चार वाजता त्याच खोलीत आहे, आमची पाच वाजता. बैठक लांबली तर आम्ही बाहेर पायऱ्यांवर थांबू.

जयभीम.